संप हा गुन्हा आहे का?

आमदार बाबासाहेब आंबेडकरांवर मराठीत त्या मानाने कमीच लिहिले गेले आहे. महाड, नाशिक, पुणे करार आणि संविधान यांच्या मध्ये मुंबई विधिमंडळातली त्यांची वर्षे झाकली जातात. गेली काही वर्षे मी, रे रोडला राहणारा एक हौशी अभ्यासक, त्या भाषणांचा छापील खंड वाचतो आहे. रे रोडहून पायी गाठता येईल अशा भायखळा-परळ मतदारसंघातून ते १९३७ साली निवडून आले होते. गिरण्या, रेल्वेचे कारखाने आणि चाळी, असा हा मुलूख. फौजदारी कायद्याचा हात कुठवर पोचावा, यावरचे त्यांचे सर्वांत मूलगामी भाषण याच मतदारांच्या पोटाच्या प्रश्नावर झाले.

सप्टेंबर १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे औद्योगिक कलह विधेयक चर्चेला आले. गृहखाते कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे होते. संपाआधी तडजोडीची ठरावीक प्रक्रिया पार पाडलीच पाहिजे, ती टाळून केलेला संप बेकायदा आणि त्याबद्दल शिक्षा, हा विधेयकाचा गाभा. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. वारंवारच्या संपांनी मजुरी बुडत होती, शहराची शांतता बिघडत होती. आधी बोलणी करा, एवढेच आम्ही सांगतो, असे सरकारचे म्हणणे.

आंबेडकरांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. संप म्हणजे काय? नोकरीच्या कराराचा भंग. करारभंग ही दिवाणी चूक आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे नुकसानभरपाई. ती चूक फौजदारी गुन्हा ठरवली, तर माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपल्यासारखे होते, आणि त्याला गुलामगिरीखेरीज दुसरे नाव नाही. स्वातंत्र्याचा हक्क पवित्र मानत असाल, तर संपाचा हक्क हे त्याचेच दुसरे नाव आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय.

या युक्तिवादामागे कायद्याचा इतिहास होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला १८५९ च्या कायद्याने तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होऊ शके. १८६० च्या दंडविधानातही ४९० ते ४९२ या कलमांनी सेवेचा करारभंग शिक्षापात्र ठरवला होता. १९२५ साली तो जुना कायदा आणि ४९० व ४९२ ही कलमे रद्द झाली. उरले ४९१: असहाय माणसाची शुश्रूषा पत्करून त्याला वाऱ्यावर सोडणाऱ्यासाठी. काम सोडल्याने कुणाच्या जिवावर बेतत असेल तरच दंडविधानाने मध्ये पडावे, असाच या उरलेल्या कलमाचा अर्थ होतो. सार्वजनिक सुरक्षिततेची ही मोजकी व्याख्या मला आजही महत्त्वाची वाटते. मालकाचे नुकसान म्हणजे समाजाला धोका नव्हे.

बहुमत सरकारचे होते. विधेयक मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप पुकारला. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे हे दोन पक्ष त्या दिवशी परळच्या कामगार मैदानावर एकत्र आले. संपाच्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला, त्याची चौकशी झाली आणि अहवालावर विधिमंडळात चर्चाही झाली. कायद्याने गुन्हा ठरवला की बंदोबस्त येतो आणि बंदोबस्तामागून गोळी येते, हे गिरणगावाने महिन्या-दोन महिन्यांत पाहिले.

पुढे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्यातही बेकायदा संपाला शिक्षा राहिलीच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप याच कायद्याखाली बेकायदा ठरला. आंबेडकरांच्या विधिमंडळातील भाषणांचा खंड महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला तोही १९८२ सालीच. युक्तिवाद छापून तयार होता आणि ज्यांच्यासाठी तो केला गेला होता, ते त्याच वेळी गिरणीच्या फाटकाबाहेर उभे होते.

मुंबईत विधिमंडळ जिथे भरे, त्या रीगलसमोरच्या जुन्या दगडी इमारतीत आता राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. आंदोलकांवर गुन्हे दाखल झाल्याची बातमी आजही आठवड्याला एखादी तरी असतेच. ती वाचताना मी आंबेडकरांचाच प्रश्न विचारतो: यात कुणाच्या जिवाला धोका होता, की फक्त कुणाची गैरसोय झाली?