साथ, हुकूम आणि मतपेटी : सॅन फ्रान्सिस्को, १९१८–१९

महामारीच्या काळात निवडणूक आली की सत्ताधाऱ्यांना तिची किंमत मोजावी लागते, असा एक समज रूढ आहे. मृत्यू घरोघर पोहोचलेला असता मतदार राज्यकर्त्यांना जाब विचारणारच, हे अनुमान तर्काला धरूनही वाटते. परंतु विसाव्या शतकातील सर्वांत भीषण साथीच्या ऐन भरात जी मोठी निवडणूक झाली, तिचा पुरावा या समजाला दुजोरा देत नाही. प्रस्तुत लेखात १९१८ मधील अमेरिकेतील, विशेषतः सॅन फ्रान्सिस्को शहरातील, घटनांच्या आधारे हा संबंध तपासावयाचा आहे. प्रश्न इतिहासाचा असला तरी त्याकडे येथे भाषेच्या अंगानेही पाहिले आहे. रोगाला लोक कोणते नाव देतात आणि रोगकाळातील वर्तनाला कोणता शब्द लावतात, यावरून दोष कोणाच्या पदरी पडणार हे बव्हंशी ठरत असते.

प्रथम काळाची चौकट लक्षात घेतली पाहिजे. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्ल्यूएंझाची दुसरी आणि सर्वांत प्राणघातक लाट अमेरिकेत पसरली. २८ सप्टेंबर रोजी फिलाडेल्फियात युद्धकर्जाच्या प्रचारासाठी प्रचंड मिरवणूक निघाली. त्यानंतर अल्पावधीतच तेथील रुग्णालये भरून गेली. एकट्या ऑक्टोबर महिन्यात देशात लाखांवर माणसे दगावली. साथीतील एकूण मृत्यूंचा सर्वमान्य अंदाज सुमारे ६,७५,००० असा आहे. अशा स्थितीत ५ नोव्हेंबर रोजी काँग्रेसची मध्यावधी निवडणूक पार पडली. ती पुढे ढकलण्याचा गंभीर विचार झाला नाही. अनेक ठिकाणी सभाबंदी असल्याने उमेदवारांना व्यासपीठ सोडून वृत्तपत्रे, जाहिराती व पत्रे यांचा आश्रय करावा लागला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी २५ ऑक्टोबर रोजी आपल्या पक्षाला बहुमत देण्याचे आवाहन केले ते युद्ध व शांतता यांच्या नावाने. साथीविषयी त्यांनी जाहीर वक्तव्य केल्याचे आढळत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत १८ ऑक्टोबरच्या सुमारास शाळा, नाट्यगृहे व करमणुकीची स्थाने बंद झाली. आरोग्याधिकारी विल्यम हॅस्लर यांच्या आग्रहावरून महिनाअखेरीस सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी बांधण्याची सक्ती करणारा कायदा नगरमंडळाने केला. भंग करणारास दंड अथवा अल्प मुदतीचा तुरुंगवास अशी शिक्षा होती. पोलिसांनी शेकडो लोकांना पकडले. मुखपट्टी बांधण्यास नकार देणाऱ्या एका इसमावर आरोग्य-निरीक्षकाने गोळी झाडण्यापर्यंतही एकदा मजल गेली. तथापि बहुसंख्य नागरिकांनी आज्ञा पाळली. ५ नोव्हेंबरला मतदार आणि मतदान-अधिकारी तोंडे झाकूनच मतदानकेंद्रांत वावरले.

या मतदानाचा निकाल सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाच्या विरुद्ध गेला. काँग्रेसची दोन्ही सभागृहे त्याच्या हातून गेली. सेनेटमध्ये रिपब्लिकन पक्षास ४९ विरुद्ध ४७ असे निसटते बहुमत मिळाले. देशातील मतदानाचे प्रमाण १९१४ मध्ये सुमारे ५० टक्के होते, ते सुमारे ४० टक्क्यांवर आले. एवढ्यावरून साथीने सरकार पाडले असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते घाईचे ठरेल. मतदान घटण्यास सभाबंदी व भीती कारण झाली असेल. परंतु सुमारे वीस लाख सैनिक त्या वेळी समुद्रापार होते, हेही विसरता येत नाही. शिवाय मध्यावधी निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाची पीछेहाट होणे हा अमेरिकेतील नेहमीचाच अनुभव आहे. पश्चिमेकडील शेतकऱ्यांचा रोष गव्हाच्या नियंत्रित भावावर होता. ज्या भागांत मृत्यू अधिक झाले तेथे सत्ताधाऱ्यांची मते त्या प्रमाणात घटली काय, याचा शोध अलीकडील अभ्यासकांनी घेतला आहे. त्यांना असा परिणाम आढळला नाही, किंवा आढळला तो अत्यंत क्षीण होता.

मग साथीचे राजकारण झालेच नाही काय? ते झाले, परंतु मुखपट्टीच्या निमित्ताने. येथे एका शब्दाचा प्रवास उद्‌बोधक ठरतो. ‘स्लॅकर’ म्हणजे अंगचोर. युद्धकाळात सैन्यभरती चुकविणाऱ्या तरुणांना हा शब्द लावीत असत. मुखपट्टीची सक्ती होताच ती न बांधणाऱ्यालाही तोच शब्द लावण्यात आला. रेडक्रॉसच्या जाहीर निवेदनात त्याची संभावना धोकादायक अंगचोर अशी झाली. या एका शब्दामुळे आरोग्याचा नियम राष्ट्रकर्तव्याच्या कक्षेत आला आणि शेजारी शेजाऱ्याचा पहारेकरी बनला. सक्तीमागे पोलीस होतेच, पण त्याहून मोठे बळ या शब्दाचे होते.

११ नोव्हेंबरला युद्धविराम झाला आणि या शब्दाच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याच महिन्यात मुष्टियुद्धाच्या एका सामन्यास मुखपट्टीवाचून बसलेले महापौर जेम्स रॉल्फ यांना ५० डॉलर दंड झाला. हॅस्लर यांनाही भुर्दंड भरावा लागला. २१ नोव्हेंबरच्या दुपारी सक्ती उठली तेव्हा लोकांनी भररस्त्यात मुखपट्ट्या फेकून दिल्या. साथ पुन्हा उसळल्यामुळे १७ जानेवारी १९१९ पासून तोच नियम पुनश्च जारी झाला. या वेळी मात्र संघटित विरोध उभा राहिला. ‘अँटी-मास्क लीग’ या संस्थेची मोठी सभा २५ जानेवारीला भरली. तिच्या अध्यक्षा ई. सी. हॅरिंग्टन या स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतील कार्यकर्त्या व महापौरांच्या टीकाकार होत्या. हॅस्लर यांना पदावरून दूर करावे येथपर्यंत मागण्या गेल्या. १ फेब्रुवारीला सक्ती रद्द झाली. रोग तोच, मुखपट्टी तीच आणि शहरही तेच; केवळ तीन महिन्यांत आज्ञापालनाची जागा विरोधाने घेतली.

मतपेटीवर याचा परिणाम काय झाला, हे पाहण्याजोगे आहे. या शहरात साथीने तीन हजारांहून अधिक बळी घेतले होते. तरीही नोव्हेंबर १९१९ मध्ये रॉल्फ यांनी माजी महापौर यूजीन श्मिट्झ यांचा पराभव करून आपले पद राखले. साथीतील मृत्यू त्यांना नडले नाहीत. हुकुमावरून उठलेले वादळही हुकूम मागे घेताच शमले.

या मौनाची मीमांसा करताना क्रिस्टोफर ॲकन व लॅरी बार्टेल्स यांच्या २०१६ मधील ग्रंथाचा निर्देश केला पाहिजे. १९१६ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशांच्या हल्ल्यांत चार माणसे दगावली आणि तेथील मतदारांनी विल्सन यांना त्याबद्दल शासन केले. १९१८ च्या साथीत मात्र तसे घडले नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शार्कसंबंधीच्या त्यांच्या आकडेवारीवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले. तरी त्यांचे मूळ सूत्र विचारार्ह आहे: आपत्तीला राज्यकर्त्यांशी जोडणारी कथा लोकांपाशी असेल, तरच ती मतदानात उतरते.

इन्फ्ल्यूएंझाला अशी कथा लाभली नाही, याला त्याचे नावही साक्ष आहे. स्पेन युद्धात तटस्थ असल्याने तेथील वृत्तपत्रांतून साथीच्या बातम्या मोकळेपणी येत होत्या. त्यामुळे रोग ‘स्पॅनिश’ ठरला आणि दोष परस्पर परदेशाच्या माथी गेला. याच साथीला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणत. या नावात ना देश आहे ना राजा; आहे ती केवळ देहाची दशा. हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले. परंतु मताधिकार मूठभरांपुरताच होता, त्यामुळे येथील शोकाला मतपेटीचा मार्गच उपलब्ध नव्हता.

२०२० मध्ये अमेरिकेतील चित्र पालटलेले दिसते. त्या वर्षी मुखपट्टी हे पक्षनिष्ठेचे चिन्ह झाले, टपालाने मतदान करण्याची सोय व्यापक झाली आणि नोव्हेंबरातील मतदानाचे प्रमाण १९०० नंतर सर्वांत अधिक ठरले. साथ म्हणजे मतदारांची अनुपस्थिती, असा नियम यावरून बांधता येत नाही.

सारांश, साथ स्वतः कोणत्याही पक्षाची नसते. तिच्या नावाने काढलेला हुकूम लोकांच्या उंबरठ्याशी येतो आणि त्या हुकुमाला शब्द मिळतो, तेव्हा तिचे राजकारण सुरू होते. यास्तव साथींच्या इतिहासाच्या अभ्यासकाने मृत्यूंचे तक्ते व निवडणुकीचे निकाल यांच्याबरोबरच त्या काळच्या जाहिराती, नोटिसा व बोलीतील नावेही तपासावीत. ज्या मृत्यूंना कथा मिळाली नाही ते मतपेटीत मोजले गेले नाहीत. इतिहासाने तरी ते मोजावयास हवेत.