शेपटीवरचा कोरू

30 एप्रिल 1940 रोजी ऑकलंडहून एक उडती बोट सिडनीकडे झेपावली. टास्मन एम्पायर एअरवेज, म्हणजेच ‘टील’ या कंपनीचं ते पहिलं उड्डाण. कंपनीच्या नावात साम्राज्य होतं, विमानाचं नाव मात्र ‘आओतेआरोआ’, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या भाषेतलं त्या देशाचं नाव. दंतकथा अशी की, कुपे हा दर्यावर्दी एका अजस्र ऑक्टोपसचा पाठलाग करत दक्षिणेकडे आला, तेव्हा त्याच्या बायकोला क्षितिजावर लांबलचक ढग दिसला आणि ढगाखालच्या भूमीला हे नाव पडलं.

गंमत म्हणजे त्याच काळात शाळेत माओरी बोलणाऱ्या पोरांना छड्या बसत होत्या. नाव विमानावर शोभत होतं, मुलांच्या तोंडी नको होतं.

1965 मध्ये ‘टील’ची ‘एअर न्यूझीलंड’ झाली. 1973 मध्ये डीसी-10 जेट विमानं आली आणि त्यांच्या शेपटीवर ‘कोरू’ उमटला. कोरू म्हणजे नेच्याचं अजून न उलगडलेलं कोवळं पान. माओरी सभागृहाच्या आढ्याकडे मान वर करून पाहिलं, की वाशांवर लाल, काळ्या, पांढऱ्या रंगात याच वळणांची ओळ लागलेली दिसते. चेहऱ्यावरच्या गोंदणातही तीच वळणं. हे चिन्ह यायच्या आदल्याच वर्षी, 14 सप्टेंबर 1972 रोजी, शाळांत माओरी शिकवा, अशी मागणी करणारा तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत पोचला होता. चित्राला मान लवकर मिळाला, भाषेला रांगेत उभं राहावं लागलं. 1984 मध्येसुद्धा फोनवर ‘किआ ओरा’ असा नमस्कार करणाऱ्या एका सरकारी टेलिफोन ऑपरेटर बाईंना वरिष्ठांनी तसं न बोलण्याची तंबी दिली. प्रकरण थेट पंतप्रधान मल्डून यांच्यापर्यंत गेलं आणि बाईंची सरशी झाली. माओरी राजभाषा झाली ती 1987 मध्ये.

पुढे विमानातही ‘किआ ओरा’नं स्वागत होऊ लागलं, कंपनीच्या मासिकालाही तेच नाव मिळालं. कोरू मिरवणाऱ्या या कंपनीत अंगावर दिसेल असं गोंदण असलेल्यांना मात्र प्रवाशांसमोरची कामं मिळत नसत. ती बंदी उठली 2019 मध्ये. त्याच वर्षी कंपनीनं मासिकाच्या ‘किआ ओरा’ या बोधचिन्हाचा ट्रेडमार्क मागितला. माओरी समाज खवळला: रोजच्या नमस्कारावर मालकी कसली सांगता? आपण शब्दांवर नव्हे, फक्त चिन्हावर हक्क मागतोय, हा कंपनीचा खुलासा कुणाला पटला नाही, आणि न पटणंच रास्त होतं. सप्टेंबरमध्ये कंपनीनं अर्ज मागे घेतला.