मैलकुलीचा रस्ता

माझे अब्बा मैलकुली होते. हा शब्द आताच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. पूर्वी सडकेचे काही मैल एका माणसाच्या ताब्यात दिलेले असायचे. त्या तुकड्याची निगा राखणं हीच त्याची नोकरी. फावडं, कुदळ, घमेलं, चोपणी एवढीच त्याची हत्यारं. सडकेच्या कडेला मोजून घातलेले खडीचे आणि मुरमाचे ढीग असत, ते त्याचं भांडवल.

एका वर्षी ऐन ईदच्या सकाळी धो धो पाऊस लागला. अब्बा नमाजहून आले, शिरखुर्म्याची वाटी उभ्या उभ्याच संपवली आणि फावडं खांद्यावर टाकून निघाले. अम्मी चिडली, "आज तरी घरात बसा." अब्बा म्हणाले, "चर तुंबलेत. पाणी सडकेवर उभं राहिलं की सडक गेलीच म्हणून समज."

पुढे मी रस्त्यांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळलं की सडक बांधण्याच्या शास्त्राचं निम्मं सार त्या एका वाक्यात आहे.

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये रस्ते वेठबिगारीवर चालत. वर्षातून ठरावीक दिवस शेतकऱ्यांना धरून आणायचं, त्यांच्याकडून दगड टाकून घ्यायचे आणि मग पुढच्या पाळीपर्यंत रस्त्याकडे कुणी बघायचं नाही. मधल्या काळात टिकावा म्हणून रस्ता भरमसाट जाड करत. लिमोज इथे 1764 पासून पिएर त्रेसागे नावाचा अभियंता होता. तिथल्या कारभाऱ्याने, तुर्गोने, वेठ बंद करून पैसे देऊन मजूर लावायची पद्धत आणली. त्रेसागेने हिशेब मांडला, की रस्त्याची डागडुजी सतत होत असेल तर एवढ्या जाडीची गरजच काय? त्याने जाडी जवळजवळ निम्म्यावर आणली. जमिनीलाच मधे फुगवटा दिला आणि पाणी दोन्ही बाजूंना जाईल असं केलं. रस्त्याच्या एकेका तुकड्यावर कायमचा माणूस नेमावा, हा त्याचा आग्रह होता. म्हणजे मैलकुलीच! निगा हीसुद्धा खडीसारखी बांधकामाची सामग्री आहे, ती घातली तर दगड कमी लागतो, हे त्याने ओळखलं होतं.

नंतर आला स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम. 1816 साली ब्रिस्टल भागातले रस्ते त्याच्याकडे आले. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडीचं वजन शेवटी खालची जमीनच पेलते, आणि ती कोरडी असेल तरच पेलते. म्हणून पायात मोठमोठे दगड पुरायची गरज नाही. लहान, टोकदार, एकसारखी फोडलेली खडी अंथरा. सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 170 ग्रॅमपेक्षा जड दगड नको. लोखंडी धावेची चाकं वरून फिरली की खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात आणि घट्ट छप्पर तयार होतं. रस्ता हे जमिनीवरचं छप्पर आहे, एवढी ही कल्पना. आपण ज्याला खडीकरण म्हणतो ते इथून आलं.

आपल्याकडे मुंबई-पुण्यामधल्या बोरघाटात गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला. दख्खनला खडीची ददात नाही, काळा पत्थर पायाखालीच आहे. खडी अंथरायची, तिच्या फटींत मुरूम भरायचा, पाणी मारायचं आणि वरून रोलर फिरवायचा. असा रस्ता चांगला असतो, पण नाजूकही असतो. उन्हाळ्यात मुरूम सुकून भुगा होतो आणि खडी मोकळी पडते. पावसात तोच मुरूम वाहून जातो. बैलगाडीची लोखंडी धाव एकाच चाकोरीतून जाऊन चर पाडते. म्हणून चाकोरी बुजवायला, सुटलेली खडी परत बसवायला रोज माणूस लागायचा.

मग मोटार आली. तिच्या रबरी चाकांनी खडी घट्ट होण्याऐवजी फटींतला बारीक भुगा उपसून धूळ करून उडवली. रस्त्याला धरून ठेवणारा मसालाच उडून जाऊ लागला. धुळीवर उपाय म्हणून 1902 साली मोनॅकोत डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती यांनी रस्त्यावर गरम डांबर ओतवलं आणि डांबराचा जमाना सुरू झाला. हिंदुस्थानात मोटारी वाढल्या तेव्हा 1927 मध्ये बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांवर खर्च करावा, या तिच्या शिफारशीतून 1929 साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. 1943 मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद होऊन देशभरच्या रस्त्यांचा आराखडा ठरला.

डांबराने धूळ बसवली, पण एक गैरसमजही पसरवला. एकदा डांबर पडलं की झालं, असं आपल्याला वाटू लागलं. खरं तर उन्हाने आणि हवेने डांबर वर्षागणिक कडक होत जातं. मग नखाएवढी भेग पडते. पाऊस त्या भेगेतून आत शिरतो, डांबराला खडीपासून सोडवतो आणि खालचा थर मऊ करतो. वरून ट्रक जातो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले. आसावरचं वजन दुप्पट केलं की रस्त्याचं नुकसान सुमारे सोळा पट होतं, असा अंदाज त्यातून निघाला. भेग भरायला एक घमेलं माल पुरतो. खड्डा झाल्यावर टेंडर लागतं.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट आपण सगळे कौतुकाने सांगतो. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर केला आणि पुढे कितीतरी पावसाळे तो टिकला. मला त्यातली हमी महत्त्वाची वाटते. डांबर सगळीकडे डांबरच असतं. त्या रस्त्याला दहा वर्षं कुणीतरी जबाबदार होतं.

अब्बा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कुणी आलं नाही. रस्ता मात्र दोनदा नवा झाला, रुंदही झाला. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझा भाचा त्याच तुकड्यावर मोटारसायकलवरून पडला. खड्डा पाण्याने भरलेला होता, रात्री त्याला दिसलाच नाही. कोपरात पट्टी टाकावी लागली. जीव वाचला, अल्लाहचे आभार. हात अजून पूर्ण सरळ होत नाही.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा अब्बांनी आधी त्याची चौकशी केली. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "वडाजवळची मोरी तुंबली होती का रे?"

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. मोरीच्या तोंडाशी प्लॅस्टिक, पाला आणि गाळ अडकला होता. पाणी रस्त्यावरून वाहत होतं. दोन तासांचं काम होतं. शेजारच्या शेतातून फावडं मागून आणलं आणि मी ते केलं.