बॉयलर बंद पडण्याआधीचे बारा तास

घर कल्पनेतलं आहे, रात्र मात्र खरी: २८ फेब्रुवारी २०१८. सायबेरियाकडून आलेल्या थंडीला ब्रिटिश वृत्तपत्रांनी 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हटलं, ती ही रात्र.

संध्याकाळी ५.३० : बारा तास बाकी
डेव्हनमधलं दुमजली घर. नवऱ्याने आल्याआल्या थर्मोस्टॅट वाढवला आणि थोड्याच वेळात जमिनीच्या फळ्यांखालून टक् टक् ठक् सुरू झालं. बायको घाबरली, "पाइप फुटतोय की काय?" फुटत नव्हता. तांब्याचा पाइप तापला की लांबतो. लाकडी तुळईच्या खाचेत तो घट्ट बसवलेला असेल तर अडकतो, सुटतो, ठोके देतो. हीटिंग चालू किंवा बंद होतानाच हा आवाज येतो आणि पाइप नीट तापल्यावर थांबतो. कान खातो, पण निरुपद्रवी.

७.०० : साडेदहा तास
वरच्या खोलीतल्या रेडिएटरमध्ये खळखळ. वरून थंड, खालून गरम, म्हणजे आत हवा अडकलेली. (खालून थंड असता तर गाळ.) चावीने व्हॉल्व्ह सैल केला, फुस्स झालं, पाणी दिसताच बंद केला. दाब एक बारच्या खाली गेला होता, तोही भरून घेतला. दोन आवाज, दोन अचूक निदानं. गड्याला आता आत्मविश्वास आला, आणि तोच नडला.

९.१५ : सव्वाआठ तास
स्वयंपाकघरातल्या बॉयलरमधून गुडगुडी ओढल्यासारखा आवाज. हळू, टीव्हीच्या आवाजात बुडून जाणारा. "हवाच असेल अजून."

इथे थांबायला हवं होतं. हवा तर नुकतीच काढली होती. उष्मांतरकावर क्षार साचले की बॉयलर खदखदतो, पण डेव्हनचं पाणी बहुतांशी मऊ. ते दुखणं लंडनकडचं. शिवाय गुडगुड फक्त ज्योत पेटलेली असतानाच येत होती. म्हणजे संशय रेडिएटरच्या पाण्यावर नको, धुराच्या पाण्यावर हवा.

इंग्लंडमध्ये २००५ पासून नवे गॅस बॉयलर 'कंडेन्सिंग' प्रकारचेच बसवावे लागतात, मोजके अपवाद सोडले तर. धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही ते वापरतात. जोरात चालताना तासाला एक-दोन लिटर पाणी निघतं. किंचित आम्लधर्मी असलेलं हे पाणी आधी एका सापळ्यात साठतं आणि प्लास्टिकच्या पाइपने बाहेर जातं. भिंतीबाहेरचा पाइप जाड आणि गुंडाळलेला हवा. या घराचा बोटभर जाडीचा, उघडा, उत्तरेच्या भिंतीवर. त्याच्या तोंडाशी बर्फ धरायला लागला होता. मागचं दार उघडून एकदा विजेरी मारली असती तर दिसलं असतं, पण त्या थंडीत दार कोण उघडणार!

मध्यरात्र : साडेपाच तास
झोपमोड नको म्हणून थर्मोस्टॅट उतरवला. बॉयलर अधूनमधून थोडाच वेळ पेटू लागला. दर वेळी घोटभर कोमट पाणी पाइपात जाई आणि तिथेच गोठे. शांततेसाठी केलेला उपाय बर्फाच्या पथ्यावर पडला.

पहाटे ३.४५ : पावणेदोन तास
गुडगुड वाढली. ज्योत पेटते, विझते, पुन्हा पेटते. घर झोपलेलं.

५.३० : शून्य
पाणी सापळ्यातून मागे चढून ज्वलनाच्या जागेत शिरलं. ज्योत टिकेना. ठरावीक प्रयत्नांनंतर यंत्राने स्वतःला कुलूप घातलं. लाल दिवा लागला. हे बॉयलरचं शहाणपणच म्हणायचं.

सकाळी ७.००
घरात श्वासाची वाफ दिसतेय. त्या सकाळी नॅशनल ग्रिडने देशात गॅस कमी पडू शकतो असा इशारा दिला होता. झालं, गुन्हेगार सापडला! पण तो इशारा घरगुती पुरवठा तोडण्याचा नव्हता. चहासाठी शेगडी लावली, ती फुरफुरत पेटली, आणि सिद्धान्त संपला.

७.४०
शेवटी मागचं दार उघडलं. पाइपाच्या टोकाला बर्फाचं बूच. बॉयलरचं झाकण उघडायचा अधिकार फक्त नोंदणीकृत गॅस इंजिनीअरला असतो. बाहेरचा हा पाइप, हात पोचत असेल तर, कुणीही वितळवावा. उकळतं पाणी ओतू नये, प्लास्टिक तडकतं. कोमट पाणी किंवा गरम पाण्याची पिशवी पुरते. अर्ध्या तासात बूच सुटलं, भडाभडा पाणी आलं, रीसेटचं बटण दाबल्यावर ज्योत टिकली.

पाइप मात्र तोच होता, आणि हवामान खात्याने त्याच दिवसासाठी नैऋत्य इंग्लंडला बर्फाचा लाल इशारा दिलेला. इंजिनीअर काही येत नव्हता. म्हणून पाइपाला फोम गुंडाळला, थर्मोस्टॅट रात्रभर चढाच ठेवायचं ठरलं आणि ३२ मिलिमीटरच्या नव्या पाइपाचं काम रस्ते मोकळे होईपर्यंत पुढे गेलं.