फेऱ्यांचा आकडा व रक्ताचा तंतु

वैनगंगेकाठच्या आरमोरींत कोशाचें सूत काढणारे हात जाणतात कीं, घाईनें ओढलेला तंतु टिकत नाहीं. रक्ताच्या तंतूविषयीं हीच गोष्ट वैद्यकास मात्र सावकाश उमगली.

१८८२ सालीं इटलीच्या बिझोझेरो यांनीं रक्तांतील बिंबिकांचें कार्य दाखविलें. २००१ सालीं फ्रान्समध्यें शुक्रून व त्यांचे सहकारी यांनीं रोग्याचें रक्त, तें साकळूं न देणारें औषध न मिसळतां, लगेच सेंट्रिफ्यूजमध्यें फिरवून बिंबिकांनीं समृद्ध असा फायब्रिनचा गोळा मिळविला. दांतांच्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येण्यासाठीं तो वापरला जाऊं लागला. मिनिटास २७०० फेरे व १२ मिनिटें ही रीत पुढें प्रसिद्ध झाली. २०१४ सालीं १५०० फेरे व १४ मिनिटें अशी सौम्य रीत मांडण्यांत आली. तींत पांढऱ्या पेशी तांबड्या थराजवळच न साचतां गोळ्यांत दूरवर पसरलेल्या आढळल्या.

परंतु फेऱ्यांचा आकडा म्हणजे बळ नव्हे. बळ फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणें वाढतें, तसेंच त्रिज्येप्रमाणेंहि. २७०० फेऱ्यांना ८ सेंटिमीटर त्रिज्येवर गुरुत्वाच्या सुमारें ६५० पट बळ पडतें, तर ११ सेंटिमीटरवर जवळजवळ ९०० पट! म्हणजे दोन वैद्य एकच आकडा पाळूनहि निराळे गोळे काढतील आणि यशापयशाचें खापर रोग्याच्या रक्तावर फोडतील.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, त्रिज्या व बळ न सांगणारा प्रयोगाचा वृत्तान्त अपुराच समजावा. दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा उसना घेतां येतो. रोग्यानें दिलेलें रक्त मात्र त्याचें स्वतःचें असतें.