बदला की बदल?



कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसलात, म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर अशी स्टेशने लागतात. बदलापूर हे नाव कसे पडले? जुनी माणसे सांगतात, शिवकाळात दूरचा पल्ला गाठणारे स्वार इथे दमलेली घोडी सोडीत आणि ताजी घेत. घोडी बदलण्याचे गाव, ते बदलापूर! हवी तर दंतकथा म्हणा. पण तिच्यात ‘बदल’ आहे, ‘बदला’ नाही.

२०१५ साली मात्र श्रीराम राघवन यांनी ‘बदलापूर’ याच नावाचा हिंदी चित्रपट काढला, आणि तो सूडाचा निघाला. गुन्हेगारीचे असे काळोखे चित्रपट आले कुठून? १९४६ च्या सुमारास फ्रेंच टीकाकारांनी अमेरिकेतल्या अशा बोलपटांना ‘नॉयर’, म्हणजे ‘काळे’, असे नाव दिले. पण या जातीचे एक भरघोस पीक आले ते जपानात, आणि तेही युद्धाच्या राखेतून. त्याची हकीकत आज ऐकू या.

१९४५ च्या ऑगस्टात जपान शरण गेला. शहरे जळून गेलेली. परमुलखातून साठ लाखांहून अधिक सैनिक आणि नागरिक परत आले. घर नाही, काम नाही, धान्य रेशनवर. आणि रेशन आले की मागोमाग काळा बाजार येतोच, हे तुम्हाआम्हांला सांगायला नको. या बाजारावर दादागिरी करणाऱ्या टोळ्या माजल्या. अकिरा कुरोसावा या दिग्दर्शकाने १९४८ साली ‘ड्रंकन एंजल’मध्ये असाच एक क्षयाने पोखरलेला गुंड दाखवला, आणि १९४९ साली ‘स्ट्रे डॉग’, म्हणजे ‘भटका कुत्रा’, हा चित्रपट काढला.

गोष्ट साधी आहे. उन्हाळ्याचे दिवस. खच्चून भरलेल्या बसमध्ये मुराकामी नावाच्या तरुण पोलिसाचे पिस्तूल चोरीला जाते. आत सात गोळ्या. काळ्या बाजारात पिस्तूल भाड्याने मिते, आणि तारण काय, तर रेशनकार्ड! फिरत फिरत ते युसा नावाच्या तरुणाच्या हाती पडते. तो दरोडा घालतो, पुढे खूनही करतो. मुराकामी जुना शिपाईगडी होऊन बाजार पालथा घालतो. यातला बाजाराचा पुष्कळसा भाग टोकियोच्या खऱ्या काळ्या बाजारात लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला आहे.

खरी मेख पुढेच आहे. युसा हा युद्धावरून परतलेला सैनिक. घरी येताना गाडीत त्याची पडशी चोरीला गेली, आणि तो बिघडला. आणि मुराकामी? तोही सैनिकच, त्याचीही पडशी तशीच गेली होती! त्याच्याही मनात वाईट आले होते. पण तो वळला आणि पोलिसात भरती झाला. शेवटी दोघे झटापट करून चिखलात शेजारी शेजारी पडतात, तेव्हा चोर कोण आणि शिपाई कोण, हे ओळखू येत नाही. जवळून पोरे गाणे म्हणत जातात. ते ऐकून युसा ढसाढसा रडतो.

आता आपल्या गाडीकडे परत येऊ. ज्या १९४९ साली टोकियोत हा चित्रपट निघाला, त्याच वर्षी ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. त्याआधी तो कल्याणचा लष्करी कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सैनिकांच्या त्या बराकींत ठेवले. त्यांचे तर घर, शेत, दुकान, सगळेच गेले होते. त्यांनी पापड लाटले, फेरी केली, शिवणयंत्रे चालवली आणि बाजारपेठ उभी केली. तिथे पुढे गुंडगिरी झालीच नाही, असे मी म्हणणार नाही. पण बहुतेकांनी मुराकामीचीच वाट धरली. शेजारच्या अंबरनाथला १०६० सालचे शिवमंदिर आहे. त्याच्या आसपासही कारखाने आले आणि पोटासाठी माणसे आली. आजही लोक पत्ता सांगतात तो ‘कॅम्प नंबर चार’ असाच.

आणि ‘बदलापूर’ चित्रपटातला रघू? बँकेच्या दरोड्यात त्याची बायको आणि लहानगा मुलगा मारले जातात. तो बदलापुरात येऊन पंधरा वर्षे सूडाची वाट पाहतो. वेळ येते तेव्हा तो स्वतःच खुनी होतो. आणि मूळचा गुन्हेगार लायक, जो दुखण्याने मरणाच्या दारी आहे, तो रघूचा गुन्हा आपल्या अंगावर घेतो. म्हणजे चोर बदलला, आणि सज्जन मात्र बदल्यात बुडाला!

गुरुजींनो, असे चित्रपट मुलांना बिघडवतात, अशी ओरड नेहमी होते. पिस्तुलाची मिजास दाखवणारे चित्रपट बिघडवतही असतील. पण चांगला काळा चित्रपट चोर कोण एवढेच विचारून थांबत नाही. एकच घाव दोघांना बसला, मग एक इकडे आणि दुसरा तिकडे का गेला, हे तो विचारतो. तुमच्या वर्गातही एखाद्या मुलाची पडशी कोणीतरी चोरलेली असेल. तो अजून वळणावर उभा आहे. त्याच्याशी दोन शब्द बोला. घोडे बदलायला तेवढी जागा पुरते.