ग्रीक रंगभूमि आणि आपला बोहाडा



होळी पेटून गेली, म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या डोंगराळ भागांत बोहाड्याचे दिवस येतात. रात्र पडली कीं मशाली पेटतात, संबळ वाजूं लागतो, आणि लांकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे धारण करून गणपति, सरस्वती, नरसिंह, रावण अशीं सोंगें एकामागून एक नाचत येतात. माणूस गांवचाच असतो. परंतु मुखवटा चढला कीं त्याच्या शेजाऱ्याचेहि हात आपोआप जोडले जातात. युरोपांतील नाटकाचा उगम ज्याला डोळ्यांनीं पाहावयाचा असेल, त्यानें ही रात्र एकदां जागवावी.

कारण इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांत अथेन्स येथें जें घडत होतें, तें याच जातीचें होतें. वसंत ऋतूंत डायोनिसस या मद्यदेवाचा उत्सव भरे. अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर नगरवासी बसत, आणि खालच्या मोकळ्या जागेंत मुखवटे घातलेला गायकवृंद गात व नाचत असे. थेस्पिस यानें त्या वृंदाशीं बोलणारा एक नट निराळा काढला, अशी परंपरा आहे. इस्किलसनें दुसरा आणि सोफोक्लीसनें तिसरा आणिला. राजा, राणी, दूत, देव या साऱ्या भूमिका तीनच पुरुषांनीं वठवावयाच्या, हें मुखवट्यामुळेंच शक्य झालें.

मग बोहाडा ग्रीकांनींच आणिला काय? मोह पडावा असें स्थळ येथें आहे खरें. मुरबाड तालुक्यांतून नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी वाट सातवाहनकाळीं कल्याण बंदराचा व्यापारी मार्ग होती, आणि जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांचे उल्लेख आहेत. परंतु त्यांनीं दानें दिलीं, याचा पुरावा मिळतो. नाटक केल्याचा मिळत नाहीं. संस्कृतांतील 'यवनिका' या शब्दावरून कांहीं पंडितांनीं भारतीय नाटकाला ग्रीकांचें ऋणी ठरविलें. पण ग्रीक रंगभूमीवर दर्शनी पडदाच नव्हता. तेव्हां हें साम्य उसनवारीचें मानण्याचें कारण नाहीं. देवापुढें गांव जमलें, कीं माणसाला दुसऱ्याचें रूप घ्यावेंसें वाटतें, एवढेंच त्याचें मूळ म्हणतां येईल.

पश्चिमेकडे मात्र उसनवारी झाली, आणि ती विलक्षण रीतीनें झाली. ग्रीक नटांचे मुखवटे कापडालांकडाचे. त्यांतील एकहि आज उरलेला नाहीं. संगीताचे तुटक अवशेष तेवढे सांपडतात. सोफोक्लीसनें शंभराहून अधिक नाटकें लिहिलीं. त्यांपैकीं संपूर्ण अशीं ७ राहिलीं. युरोपच्या हातीं आले ते शब्द: थोडीं नाटकें, आणि ॲरिस्टॉटलचा काव्यशास्त्रावरील ग्रंथ. हरवलेलें सारें कल्पनेनें भरून काढावें लागलें. इटलींतील कॅस्टेलव्हेट्रो यानें १५७० मध्यें ॲरिस्टॉटलवर भाष्य करितांना काल, स्थल व क्रिया यांच्या ऐक्याचा कडक नियम केला; रासिनसारख्या फ्रेंच नाटककारांनीं तो शिरसावंद्य मानला. फ्लॉरेन्सच्या कांहीं विद्वानांना वाटलें, कीं हीं नाटकें आरंभापासून अंतापर्यंत गाइलीं जात असत. त्या समजुतींतून १६०० च्या सुमारास ऑपेरा जन्मास आला. ग्रीक कथांवर रोमन सेनेकानें रचिलेल्या नाटकांतून सूडाची व पिशाच्चाची हौस इंग्रजी रंगभूमीवर शिरली, आणि 'हॅम्लेट'च्या द्वारें, आगरकरांच्या 'विकारविलसित'मधून ती १८८३ मध्यें आपल्या घरीं आली. पुढें १९७९ मध्यें पु. ल. देशपांडे यांनीं 'राजा ओयदिपौस' लिहून सोफोक्लीसलाच मराठी बोलावयास लाविलें.

बोहाड्याची स्थिति नेमकी उलट आहे. येथें मुखवटा आहे, वाद्य आहे, पाऊल आहे; ग्रंथ नाहीं. कोणत्या सोंगाला कोणता ताल, कोणामागून कोणी यावयाचें, हें सारें जाणत्यांच्या अंगीं मुरलेलें असतें. तरुण मंडळी कामासाठीं कल्याण-भिवंडीकडे जातात. म्हातारा वादक गेला, कीं त्याचा ताल त्याच्याबरोबर जातो. अथेन्सचे शब्द लेखनिकांनीं नकलून नकलून वांचविले. मुखवटा तर एखाद्या संग्रहालयाच्या भिंतीवरहि सुरक्षित राहील. पण तो कसा नाचत असे, हें तो कोणास सांगणार नाहीं.

मुंबईकर श्रोत्यांना शेवटीं एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्या नळाला येणारें तानसा व भातसा येथील पाणी शहापूर तालुक्यांतलें आहे. ज्या डोंगरांतून तें येतें, तेथील एक रात्र आपण जागून पाहावी. ती केवळ छायाचित्रापुरती नव्हे, तर वादकाशेजारीं बसून, त्याला विचारून, त्याच्या संमतीनें त्याचा ताल टिपून घेण्यासाठीं. ग्रीकांचें नृत्य असें कोणी टिपून ठेविलें नाहीं, आणि तें कसें होतें याचा तर्क युरोपचे पंडित आजहि करीत बसले आहेत. आपल्याला तर्क करावा लागत नाहीं. अजून विचारतां येतें.